रोहिणीतील अस्थी

'रक्तवाहिनी' हा शब्द उच्चारला की मनासमोर एक नळी उभी राहते. आणि जी नळी वर्षानुवर्षे काही वाहून नेते तिच्यात काही ना काही साचणारच, हा आपला संसारातला अनुभव. ज्या घरात तांब्याचा बंब दोन पिढ्या तापत आला आहे त्या घरातील माणसाला हे निराळे सांगावयास नको. जड पाणी, उष्णता आणि काळ ही तीन एकत्र आली म्हणजे बंबाच्या आतल्या अंगाला क्षाराचे पांढरे पापुद्रे धरतात आणि एके दिवशी तोटी बुजून जाते. उतारवयात माणसाच्या रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून शरीरभर रक्त नेणाऱ्या वाहिन्या, कठीण होतात, त्यांच्या भिंतींत चुन्यासारखा पदार्थ धरतो, हे वैद्यकाच्या ध्यानात आले तेव्हा त्याचाही उलगडा याच उपमेने केला गेला. तो सर्वांना पटला आणि शंभराहून अधिक वर्षे पटत राहिला.

ही उपमा चुकीची होती. ती चुकीची आहे असे स्वच्छ शब्दांत सांगणारा पुरुषही होऊन गेला होता, आणि तो काही कोपऱ्यात पडलेला उपेक्षित विद्वान नव्हता. तरीही उपमा टिकली. ती कशी टिकली आणि तिची किंमत शेवटी कोणाला द्यावी लागली, हा आजचा विषय आहे.

प्रारंभ करावा तो एडवर्ड जेन्नरपासून. देवीच्या लशीमुळे जेन्नरचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण लशीच्या पुष्कळ आधी, ग्लॉस्टरशरमधल्या एका खेड्यात वैद्यकी करीत असताना, त्याने एक शवविच्छेदन केले. मृत मनुष्य हृच्छूलाचा रोगी होता. छातीत कळ येणे, चालताना थबकणे आणि एखाद्या क्षणी प्राण जाणे या लक्षणसमुच्चयाचे वर्णन विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली लंडनमध्ये केले होते. कारण मात्र कोणालाही सापडले नव्हते. जेन्नरने हृदय तपासले, त्यात काहीच वावगे आढळेना. शेवटी त्याने हृदयाच्या तळाजवळ आडवा छेद घेतला, तोच सुरी कशावर तरी अशी खरकन आपटली की तिच्या धारेला खाच पडली. जेन्नरने आधी वर पाहिले. खोलीचे छत जुने आणि मोडकळीला आलेले होते. गिलाव्याचा एखादा तुकडा खाली पडला असावा असा त्याचा समज झाला. छताचा काही दोष नव्हता. हृदयाच्याच पोषणासाठी ज्या दोन रोहिण्या असतात, त्या हाडाच्या नळ्यांसारख्या झाल्या होत्या.

हा शोध जेन्नरने प्रसिद्ध केला नाही. त्याचे कारण शास्त्रीय नव्हते, मानवी होते. जेन्नरचे गुरू जॉन हंटर, इंग्लंडमधले त्या काळचे सर्वश्रेष्ठ शस्त्रवैद्य, यांना त्याच सुमारास हृच्छूलाच्या कळा येऊ लागल्या होत्या. शोध छापावा तर गुरूंना आपल्या छातीत काय चालले आहे ते शिष्याच्या लेखातून कळावयाचे! हंटर यांच्या घरी रविवारी रात्री मित्रमंडळी जमत. तेथे जेन्नरने दोघा सहकाऱ्यांच्या कानावर आपली कल्पना घातली, पण त्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही. हंटर यांचा स्वभाव तापट होता. आपला जीव आपल्याला चिडवू पाहणाऱ्या कोणाही हलकटाच्या हातात आहे, असे ते स्वतःच म्हणत. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या बैठकीत विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून वाद पेटला. कोणीतरी त्यांचे म्हणणे खोडून काढले. हंटर तडक शेजारच्या खोलीत गेले आणि तेथेच कोसळले. वय पासष्ट. शवविच्छेदन त्यांचे मेहुणे एव्हरार्ड होम यांनी केले. हृद्रोहिण्या हाडासारख्या कठीण निघाल्या. रविवारच्या बैठकीत जेन्नरचे म्हणणे न मानणाऱ्या दोघांपैकी हे होम एक. त्यांनी प्रांजळपणे पत्र लिहून जेन्नरला कळविले की तुझेच बरोबर होते. ही सारी हकीकत केलेब पॅरी यांच्या १७९९ सालच्या पुस्तकात जेन्नरच्या पत्रातून आली, आणि म्हणूनच ती आपल्याला आज माहीत आहे.

या हकीकतीतला एक बारकावा लक्षात ठेवावयाचा आहे. जेन्नर 'हाड' म्हणतो, होम यांनाही हाडच दिसले. त्या पिढीचे वैद्य सरसकट 'अस्थीभवन' हाच शब्द वापरीत. त्यांच्या दृष्टीने तो निव्वळ वर्णनाचा शब्द होता. कठीण लागले ते हाड. पण पुढे साठ वर्षांनी बर्लिनमध्ये एका माणसाने सूक्ष्मदर्शकातून पाहून विचारले, की हे हाडासारखे आहे की हाडच आहे?

तो माणूस रुडॉल्फ विर्खो. १८५८ सालच्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत त्याने बर्लिनच्या विकृतिशास्त्र संस्थेत डॉक्टरांपुढे जी वीस व्याख्याने दिली त्यांतून पेशींच्या विकृतीचे आधुनिक शास्त्र जन्मास आले. आज कोणताही वैद्यकीय विद्यार्थी जे गृहीत धरून चालतो, की रोग हा पेशींचा रोग असतो, ते या व्याख्यानांचे देणे आहे. रोहिण्यांच्या आतल्या अस्तरात ज्या कठीण चकत्या होतात त्यांविषयी विर्खोने निःसंदिग्ध निवाडा दिला. केवळ चुना धरणे वेगळे आणि हाड बनणे वेगळे. येथे जे घडते ते दुसरे आहे. सांगाड्यात ज्या क्रमाने हाड तयार होते त्याच क्रमाने ते येथेही तयार होते. याचा अर्थ असा की हे साचणे नव्हे, घडणे आहे. भिंतीतल्या जिवंत पेशीच हे काम करतात.

यानंतर या मताला दुजोरा मिळाला नाही असेही नाही. १९०६ साली बंटिंग या अमेरिकन संशोधकाने एका कठीण झालेल्या महारोहिणीत खरे हाड आणि त्या हाडाच्या पोकळीत रक्तपेशी निर्माण करणारी तांबडी मज्जा दाखविली. मज्जा काही आकाशातून पडत नाही आणि पाण्यातून तर साचतच नाही. क्षार साचून मज्जा झाल्याचे बंबाच्या इतिहासात कोणी ऐकले आहे काय? त्याआधी तीन वर्षे, १९०३ मध्ये, जर्मनीत योहान गेओर्ग म्यॉन्केबर्ग यांनी दाखवून दिले होते की पुष्कळ माणसांच्या हातापायांच्या रोहिण्यांत कॅल्शियम धरते ते आतल्या अस्तरात नव्हे, तर मधल्या स्नायूंच्या थरात. तेथे चरबीचा मागमूसही नसतो आणि रक्ताची वाटही अडत नाही. म्हणजे एकाच नावाखाली दोन प्रकार नांदत होते. पण म्यॉन्केबर्गचा प्रकार म्हातारपणाचे निरुपद्रवी चिन्ह समजून बाजूस ठेवण्यात आला.

याच सुमारास प्रकरणाला एक विलक्षण फाटा फुटला, तो इजिप्तकडे जाणारा. दुसऱ्या रामसेसचा मुलगा मेर्नेप्ताह याची ममी कैरोत उलगडण्यात आली आणि तिच्या महारोहिणीचा एक तुकडा लंडनला पोहोचला. १९०९ साली शॅटक यांनी त्याचे पातळ छेद घेऊन दाखविले, की भिंतीच्या लवचीक थरांमध्ये कॅल्शियम फॉस्फेट बसलेले आहे. मोझेसच्या कथेतला फॅरो तो हाच, असे कित्येकांचे मत होते. बायबलात त्या फॅरोचे हृदय कठीण झाल्याचे सांगितले आहे, त्यामुळे थट्टेला आयता विषय मिळाला. पण खरे काम केले ते मार्क आर्मांड रफर यांनी. लंडनमध्ये घटसर्पाच्या प्रतिविषावर संशोधन करताना त्यांना स्वतःलाच त्या रोगाने गाठले; प्रकृती खालावली म्हणून ते इजिप्तला गेले आणि कैरोच्या वैद्यकीय विद्यालयात प्राध्यापक झाले. ममीचे मांस लाकडासारखे वाळलेले. त्याचे छेद कसे घ्यावयाचे? रफर यांनी मद्यार्क आणि सोडा यांच्या द्रावणात ते भिजवून मऊ करण्याची युक्ती काढली. १९११ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात इसवी सनापूर्वी १५८० पासून इसवी सन ५२५ पर्यंतच्या, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांच्या रोहिण्यांचा पट आहे. निष्कर्ष असा, की रोग आजच्यासारखाच आणि वारंवार आढळणारा. मग कारण काय? तंबाखू इजिप्तला माहीत नव्हती. उपदंशाचा पुरावा नव्हता. सामान्य लोकांच्या आहारात मांस थोडे होते. आधुनिक जीवनाची दगदग म्हणावी तर तेही जमेना. रफर यांनी प्रश्न उघडा ठेवला, आणि त्यांचा प्रामाणिकपणा यातच आहे. १९१७ साली सालोनिकाहून परतताना त्यांचे जहाज पाणतीराने बुडाले आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

इजिप्तच्या गोष्टी निघाल्या की आपल्याकडचा श्रोता विचारतोच, की आमच्या प्राचीनांना हे ठाऊक होते काय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात कफाच्या वीस विकारांची यादी आहे आणि तीत 'धमनीप्रतिचय' हा शब्द आहे, हे खरे. प्रतिचय म्हणजे साठणे, भरत जाणे. शब्द अर्थपूर्ण आहे. पण यादीतल्या एका शब्दावर आधुनिक रोगाचे सारे वर्णन चढविणे म्हणजे चरकाचा गौरव नव्हे. एवढे मात्र म्हणता येईल, की साठण्याची उपमा तिथेही सुचली होती.

उपमेला खरा आधार मिळाला तो एका मोठ्या आणि खऱ्या शोधामुळे. १९१० साली जर्मन रसायनज्ञ आडोल्फ विन्डाउस यांनी दाखविले की रोगट महारोहिणीत निरोगी रोहिणीच्या वीसपटींहून अधिक कोलेस्टेरॉल असते. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये अनिच्कोव्ह आणि खालातोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत रोग उत्पन्न केला. येथून पुढची सारी थोर परंपरा, रक्ततपासण्या, पथ्ये आणि शेवटी कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे, याच वाटेने आली. तिने अगणित प्राण वाचविले, आणि तिला उणे लेखण्याचे कारण नाही. पण तिच्या प्रकाशात कॅल्शियम अंधारात गेले. चरबी हे कारण, कॅल्शियम ही राख. आग विझल्यावर उरलेल्या राखेकडे कोण पाहतो? पाठ्यपुस्तकांत त्याला 'अपकर्षात्मक' म्हणजे झिजेतून आलेला बदल म्हणत आणि परिच्छेद संपवीत. विर्खोच्या ग्रंथाचे दाखले इतर हजार गोष्टींसाठी दिले जात राहिले. हे एक वाक्य मात्र कोणी वाचले नाही.

गंमत अशी, की उपमेला पहिला तडा गेला तो बंबाच्याच बाजूने. बाष्पकांच्या आणि नळांच्या आत क्षार धरू नये म्हणून पाण्यात पॉलिफॉस्फेटे मिसळण्याची युक्ती कारखानदारांना फार दिवसांपासून ठाऊक होती. त्यांचा अंशमात्र पुरेसा होतो. हर्बर्ट फ्लाइश हे स्विस वैद्य अमेरिकेत विल्यम न्यूमन यांच्याबरोबर काम करीत असता त्यांच्यापुढे एक कोडे आले. रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके असते की जिथे त्यांना आधार मिळेल तिथे त्यांनी स्फटिकरूप व्हावे. मग हाडे आणि दात सोडून इतर सारे शरीर दगड का होत नाही? निश्चितच काहीतरी त्यांना आवरून धरीत असले पाहिजे. १९६२ साली दावोसच्या प्रयोगशाळेत फ्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्रातून ते 'काहीतरी' वेगळे केले: पायरोफॉस्फेट, कारखान्यातल्या त्या द्रव्यांचेच लहान भावंड. १९६८ पर्यंत उंदरांच्या महारोहिणीतले कॅल्सीभवन त्याने थांबते हेही दिसून आले. प्रश्न उलटा झाला होता. रोहिणीत कॅल्शियम का धरते हे विचारण्याऐवजी, एरवी ते का धरत नाही, हे विचारावयाचे होते.

दुसरा धागा हाडांच्या अभ्यासातून आला. १९६५ साली लॉस अँजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्शल युरिस्ट यांनी दाखविले की हाडातील खनिज काढून टाकून उरलेला भाग स्नायूत पुरला तर तेथे नवे हाड उगवते. हाड घडविण्याची आज्ञा देणारे द्रव्य त्यात होते. त्याच विद्यापीठात लिंडा डेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली माणसाच्या रोगट रोहिणीत ते आज्ञा देणारे प्रथिन शोधून काढले. म्हणजे विर्खोने पाहिलेले हाड हा सूक्ष्मदर्शकातला भास नव्हता. मधल्या थरातील स्नायूंच्या पेशी आपला आकुंचनाचा धर्म सोडून देतात, अस्थिपेशींची जनुके जागी करतात, आणि अस्थिपेशीप्रमाणेच स्फटिकांची बीजे असलेल्या सूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात. जमते ते खनिजही हाडातलेच, हायड्रॉक्सिॲपेटाइट; पानाला लावावयाच्या चुन्याशी त्याचा संबंध नाही. मात्र विर्खोचा निवाडा संपूर्ण खरा ठरला असेही नाही. मज्जेसह पुरते हाड थोड्याच रोहिण्यांत आढळते. बहुतेक ठिकाणी काम अर्ध्यावर राहते.

मग १९९७ साल उजाडले. हाडातील 'मॅट्रिक्स ग्ला' नावाचे एक लहानसे प्रथिन पॉल प्राइस यांनी १९८३ मध्येच वेगळे केले होते, पण त्याचे काम काय ते कोणालाच कळत नव्हते. ह्यूस्टनमध्ये जेरार्ड कार्सेंटी यांच्या गटाने त्या प्रथिनाचे जनुक नसलेले उंदीर जन्माला घातले. जन्मतः उंदीर ठीक दिसले. दोन महिन्यांच्या आत ते सारे मेले. त्यांच्या रोहिण्या कॅल्शियमने भरून ठिसूळ झाल्या होत्या आणि फुटल्या होत्या. ना चरबी, ना म्हातारपण, ना तंबाखू. एक प्रथिन काढून घेतले आणि रोहिणीचे दगड झाले. रोहिणीचे मऊ राहणे ही आपोआप मिळालेली स्थिती नसून क्षणोक्षणी चाललेली राखण आहे, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगावयाचे? हे प्रथिन कार्यक्षम होण्यास 'के' जीवनसत्त्व लागते. आणि रक्त गोठू नये म्हणून लाखो रोगी घेतात ते वॉरफरिन नेमके त्याच जीवनसत्त्वाच्या आड येते. प्राइस यांनीच १९९८ मध्ये वॉरफरिन दिलेल्या उंदरांच्या रोहिण्या झपाट्याने कठीण होताना दाखविल्या.

आता किंमत कोणी दिली ते सांगितले पाहिजे. मूत्रपिंडे निकामी झालेली माणसे १९६० पर्यंत मरत असत. त्या वर्षी सिॲटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिनीत कायम ठेवता येईल अशी नळी तयार केली आणि डायालिसिसवर वर्षानुवर्षे जगणे शक्य झाले. पण यंत्र फॉस्फेट पुरेसे काढू शकत नाही. ते आतड्यातच बांधून टाकावे म्हणून आधी ॲल्युमिनियमची औषधे देत. त्यांनी मेंदू आणि हाडे बिघडू लागली, तेव्हा त्यांच्या जागी कॅल्शियमच्या गोळ्या आल्या. कॅल्शियम म्हणजे निरुपद्रवी, हाडांना चांगलेच, अशी सर्वांची समजूत. कॅल्शियम नुसती राख असेल तर ती खरीही होती. २००० साली लॉस अँजेलिसच्या गुडमन आणि सहकाऱ्यांनी डायालिसिसवरील ३९ तरुणांची क्ष-किरण संगणकीय तपासणी केली. वीस वर्षांखालील २३ जणांपैकी एकाच्याही हृद्रोहिणीत कॅल्शियम नव्हते. वीस ते तीस वयाच्या १६ जणांपैकी १४ जणांच्या हृद्रोहिण्यांत ते होते. पंचविशीतल्या माणसाची हृद्रोहिणी पासष्टीच्या हंटरसारखी! ज्यांच्यात ते सापडले ते इतरांच्या जवळजवळ दुप्पट कॅल्शियम त्या गोळ्यांतून रोज घेत होते. त्याच वर्षी सिॲटलमध्ये सेसिलिया जाकेल्ली यांच्या गटाने प्रयोगशाळेत दाखविले की भोवतालचे फॉस्फेट वाढले की स्नायुपेशी ते आत ओढून घेतात आणि हाड घडविण्याच्या मार्गाला लागतात. एकीकडे शरीराच्या पेशींना फॉस्फेट आज्ञा देत होते, दुसरीकडे औषध म्हणून कॅल्शियमचा साठा पुरविला जात होता. उपचार करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. उपमा चुकीची होती. आज मूत्रपिंडाच्या रोग्यांना कॅल्शियमयुक्त गोळ्या बेताने द्याव्यात असा आंतरराष्ट्रीय सल्ला आहे, आणि कॅल्शियमरहित पर्यायही आहेत.

तपासणी शक्य झाली ती १९९० मुळे. त्या वर्षी मायामीच्या आर्थर ॲगॅट्स्टन आणि वॉरन जॅनोविट्झ यांनी हृद्रोहिणीतले कॅल्शियम एका आकड्यात मोजण्याची पद्धत मांडली. शून्य म्हणजे सापडले नाही. चारशेच्या वर म्हणजे पुष्कळ. जे मोजता येते त्याचाच अभ्यास होतो, हे शास्त्राचे बळ आहे आणि थोडे व्यंगही. आकडा मोठा म्हणजे धोका मोठा, हे खरे. परंतु मोठी, घट्ट चकती कित्येकदा स्थिर असते आणि पातळ आवरणातला धुळीसारखा कण अधिक घातक ठरू शकतो. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांनी मृत्यू घटतात, पण हा आकडा वाढतो.

तेच यंत्र मग रफर यांच्या प्रश्नाकडे वळले. २००८ साली कैरोच्या संग्रहालयात मेर्नेप्ताहच्या ममीजवळची पाटी वाचून ग्रेगरी थॉमस या अमेरिकन हृदयतज्ज्ञाला तीवरचे रोगनिदान खरे वाटेना. त्याचा इजिप्शियन मित्र आदेल अल्लाम आणि तो यांनी ममीच यंत्रात घालून पाहण्याचे ठरविले. २०१३ पर्यंत इजिप्त, पेरू, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि अल्यूशन बेटे येथील १३७ ममी तपासून झाल्या. ४७ जणांच्या रोहिण्यांत रोगाच्या खुणा होत्या. उलट २०१७ साली बोलिव्हियाच्या अरण्यात शेती आणि शिकार करून राहणाऱ्या त्सिमाने लोकांपैकी ७०५ प्रौढांची तपासणी झाली, तेव्हा शंभरांतल्या पंच्याऐंशी जणांचा आकडा शून्य निघाला. रोग प्राचीन आहे आणि अटळ नाही, ही दोन्ही विधाने आता एकत्र नांदवावी लागतात.

उपचाराचे म्हणाल तर हिशेब अजून तोकडा आहे. पायरोफॉस्फेट घडविणाऱ्या जनुकात दोष असलेली बालके रोहिण्या कठीण होऊनच जन्मतात. तो दोष फ्रँक रुत्श यांनी २००३ मध्ये दाखविला. पायरोफॉस्फेट पोटात घेतले तर टिकत नाही, म्हणून फ्लाइश यांच्या गटाने त्याच्यासारखी पण न मोडणारी द्रव्ये शोधली होती. हाडांच्या ठिसूळपणावर आज जी औषधे देतात ती त्याच घराण्यातली. त्यांपैकी एटिड्रोनेट २०१८ साली नेदरलँड्समध्ये, पायरोफॉस्फेट कमी पडणाऱ्या एका दुर्मीळ आनुवंशिक विकाराच्या ७४ रोग्यांवर वर्षभर आजमावले गेले. रोहिण्यांतले कॅल्शियम वाढावयाचे थांबले, किंचित घटलेही. 'के' जीवनसत्त्वावरची मोठी आशा मात्र फळली नाही. डेन्मार्कमध्ये ३६५ वृद्ध पुरुषांना दोन वर्षे ते, 'ड' जीवनसत्त्वाच्या जोडीने, देऊन पाहिले. २०२२ साली निष्कर्ष आला, की महारोहिणीच्या झडपेतले कॅल्शियम पूर्वीच्याच गतीने वाढत राहिले. ही झडप पुरती कठीण झाली की तिला मऊ करणारे औषध नाही. ती बदलावी लागते.